परदेशी भाषेलाही तालीम लागते

सांगलीत विश्रामबागला एका घराच्या माडीवर मी जर्मन शिकवते. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बॅचला एकच काम असतं. आपलं नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि दोन्हींची अक्षरं जर्मन उच्चारांत एकेक करून म्हणायची. ए-१ या सगळ्यात पहिल्या पातळीच्या तोंडी परीक्षेत हे करावं लागतं. जर्मनमध्ये 'जे'ला 'योट' म्हणतात, 'व्ही'ला 'फाउ'. खरा घोळ होतो तो 'ई' आणि 'आय'चा. इंग्रजीतला 'ई' तिकडे 'ए' होतो आणि 'आय'चा 'ई' होतो. 'सांगली'च्या शेवटच्या अक्षरावर निम्मी बॅच अडखळते.

गेल्या वर्षी जत तालुक्यातली एक मुलगी होती. मिरजेत नर्सिंग झालेलं, वही अशी की पुढच्या बॅचला नमुना म्हणून दाखवावी. तिची पाळी आली तशी ती उभी राहिली. उभं राहायला मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. 'योट' म्हणाली आणि थांबली. मानेवर लाल चट्टे उठले. मग मराठीत म्हणाली, "येतंय मॅडम मला, पण तोंडातनं भायेरच येईना." आणि खाली बसली. तास संपल्यावर मी तिची वही पाहिली. जतची चारही अक्षरं, योट, आ, टे, हा, देवनागरीत अचूक लिहिलेली होती.

'येतंय पण बोलता येत नाही' हे वाक्य मी तासगावच्या मुलांकडून ऐकलंय, विट्याच्या, पलूसच्या, कराडहून बस पकडून येणाऱ्यांकडून ऐकलंय. त्यावर आपलं उत्तर ठरलेलं असतं. धीट हो. लाजतेस काय? बोलत गेलीस की येईल. म्हणजे भीती हा तिचा स्वभाव, आणि तो तिनं घरून दुरुस्त करून यायचा. मला हे मुळातच चूक वाटतं. ही भीती बहुतेक वेळा वर्गातच तयार होते किंवा वर्गात वाढते. ज्या रचनेतून ती येते ती रचना आपण केलेली आहे. म्हणून ती घालवण्याचं काम वर्गाच्या वेळेत व्हायला हवं, आणि जिथे सरकार पैसा घालतं तिथे त्याच्या हिशेबात धरूनच व्हायला हवं.

हा आता एकट्यादुकट्या मुलीचा प्रश्न राहिलेला नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. सुरुवातीला १०,००० जणांना पाठवायचं आणि त्यांच्या भाषेच्या शिक्षणाचा खर्च सरकारने करायचा, असं जाहीर झालं. तेव्हापासून आमच्या भागात आयटीआय झालेल्या पोरांचे आईबापही 'जर्मन कुठं शिकवतात' म्हणून विचारायला लागले. परिचारिकेला तिकडे व्यवसायाची मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी-२ ही ए-१ पासूनची चौथी पातळी लागते. बी-२ म्हणजे रुग्णाशी, त्याच्या नातेवाइकांशी, रात्रपाळीच्या डॉक्टरांशी बोलणं आलं. वही कितीही सुंदर असली तरी ती वॉर्डात उपयोगी पडत नाही.

या भीतीचा अभ्यास जुना आहे. एलेन हॉर्विट्झ, मायकेल हॉर्विट्झ आणि जोअॅन कोप या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये ३३ विधानांची एक प्रश्नावली मांडली. भाषेच्या वर्गातली भीती मोजायला ती आजही वापरतात. त्यांचं म्हणणं असं की ही भीती इतर विषयांच्या धास्तीपेक्षा वेगळी असते, कारण इथे माणसाची स्वतःबद्दलची प्रतिमाच पणाला लागते. मला हे रोज दिसतं. ज्या मुलीनं पहाटे तीन वाजता आयसीयूच्या दाराशी रडणाऱ्या नातेवाइकांना धीर दिलाय, तिला आम्ही तीन वर्षांच्या मुलासारखं 'माझं नाव, माझं गाव' म्हणायला लावतो. तेही चारचौघांत, आणि तेही चुकत चुकत. गणित चुकलं तर गणित चुकतं. बोलताना चुकलं तर आपणच चुकलो असं वाटतं. त्यात भीती डोक्यातली जागाही खाते. शब्द शोधायला जी शक्ती लागते तीच 'सगळे माझ्याकडे बघतायत' या विचारात खर्च होते. मग येणारा शब्दही येत नाही.

आता रचनेकडे या. समजा बॅच चाळीस जणांची आहे आणि तास दीड तासाचा. निम्मा वेळ शिक्षक बोलणार. उरली पंचेचाळीस मिनिटं. ती चाळीस जणांत वाटली तर प्रत्येकाला मिनिटभराहून थोडी जास्त मिळतात, आठवड्याला असे पाच तास धरले तर साडेपाच मिनिटं. आणि ते एकेक मिनिटही कसं? एकोणचाळीस जण ऐकत असताना, पहिल्याच दमात, दुरुस्त करायला टपलेल्या शिक्षकासमोर. याला आपण बोलण्याचा सराव म्हणतो. हा तर दररोजचा एक मिनिटाचा जाहीर सामना झाला, आणि आदल्या दिवशीची मेहनत कुठेच नाही.

सातारा-सांगलीच्या माणसाला तालीम म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. इथे हा शब्द लाल मातीलाही लागतो आणि नाटकालाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं ते याच सांगलीत, आणि तालमीशिवाय पडदा वर जात नाही हे इथल्या हौशी नटालाही ठाऊक असतं. कुस्तीची तालीम तर गावोगाव. तिथे पोरगं रोज पडतं. दिवसातून दहादा पाठ मातीला लागते आणि त्याचं कुणी काही वाटून घेत नाही, कारण पडणं हाच तिथला अभ्यास असतो. मोठा पैलवान धाकट्याला अंगावर खेळवतो, एकच डाव पन्नास वेळा घोटून घेतो. वस्ताद कडेला उभा राहून बघतो आणि झटापट थांबल्यावर सांगतो. मैदान, हलगी, इनाम, लोक हे सगळं नंतरचं.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा ते मातीवरचे पैलवान होते. तिथे मॅट होती आणि नियम परके होते. सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत, १९५२ मध्ये, त्यांनी कांस्यपदक आणलं. लंडनच्या सहाव्या क्रमांकावरून त्यांच्या अंगात कुस्ती नाही असं कुणी म्हटलं असतं तर ते किती चुकीचं ठरलं असतं. पण भाषेच्या वर्गात आपण पहिल्या महिन्यातच हा निकाल लावतो: हिला येईल, त्याला नाही येणार, तो खेड्यातला आहे, बुजतो.

मीही असा निकाल लावलेला आहे. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे वेल्डिंगचा आयटीआय केलेला एक मुलगा यायचा. वाक्य सुरू करायचा आणि मी मध्येच थांबवून शब्दाचं लिंग दुरुस्त करायची, 'डेअर' नव्हे 'दी'. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा आणि मी पुन्हा थांबवायची. मला वाटायचं मी काटेकोर शिकवते आहे. तीन आठवड्यांनी तो यायचा बंद झाला. फोन केला तेव्हा म्हणाला, "मॅडम, माझं एक बी वाक्य पुरं झालं नाही ओ तुमच्याकडं." तो चुकीचं काही बोलत नव्हता. त्या तीन आठवड्यांत त्याचं एकही वाक्य मी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. आज मी वही घेऊन बसते, चुका टिपते आणि बोलणं संपल्यावर त्यातल्या दोनच सांगते. जो शिक्षक प्रत्येक चूक जागच्या जागी पकडतो त्याच्या वर्गात मुलं अचूक बोलायला शिकत नाहीत, ती गप्प बसायला शिकतात. हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे.

या भीतीचं मूळ मात्र जर्मनच्या वर्गाहून जुनं आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. ही मुलं पहिल्यांदा घाबरली ती मराठीत. 'व्हतं' म्हटलं म्हणून वर्गात हशा झाला. 'पानी' म्हटलं म्हणून पुण्याच्या कॉलेजात कुणीतरी 'पाणी, पाणी' असं दोनदा म्हणून दाखवलं. जत तालुक्यात कित्येक गावांत घरी कन्नड बोलतात. तिथलं मूल शाळेत येऊन मराठी शिकतं, टीव्हीवरून हिंदी शिकतं, पुस्तकातून थोडं इंग्रजी. वीस-बावीस वर्षांचं होईपर्यंत ते तीन भाषांतून ये-जा करत असतं, आणि तरी त्याची पक्की समजूत असते की 'मला भाषा जमत नाहीत'. ज्याचं कौतुक व्हायला हवं होतं त्याची त्याला लाज वाटायला लावली गेली. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे माझ्याकडे येणारी मुलं निदान दहा वर्षं एक परकी भाषा शिकून आलेली असतात. त्या दहा वर्षांत त्यांनी उत्तरं पाठ केली, गाळलेल्या जागा भरल्या, निबंध लिहिले. बोलली किती?

म्हणून मी पहिल्या दिवशी पुस्तक उघडत नाही. फळ्यावर 'एकवीस' लिहिते आणि विचारते, यात आधी काय म्हणतो आपण, एक की वीस? जर्मनमध्ये एकवीसला 'आइन-उंड-त्स्वान्त्सिष' म्हणतात, एक-आणि-वीस. इंग्रजीच्या वाटेनं आलेल्याला हे उलटं वाटतं, आपल्याला ते घरचंच आहे. तो, ती, ते आपल्याकडे आहे, तसं त्यांच्याकडे 'डेअर, दी, दास' आहे. वस्तूंची लिंगं जुळतीलच असं नाही, पण चमचा तिकडेही पुल्लिंगीच. चमच्याला लिंग का असावं, हा इंग्रजी माणसाला पडणारा प्रश्न आपल्या मुलांना पडत नाही. तू आणि तुम्ही हा भेद त्यांच्यातही आहे. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, आणि आपण तर जन्मभर क्रियापद शेवटीच ठेवत आलो. हे सांगितल्यावर खोलीतला ताण उतरतो तो डोळ्यांना दिसतो. खांदे खाली येतात. आपण रिकाम्या हातानं आलेलो नाही हे कळणं ही आत्मविश्वासाची पहिली पायरी आहे, आणि तिला एक पैसा लागत नाही. तरीही बहुतेक क्लासेस जर्मन शिकवतात ते इंग्रजीतून, म्हणजे ज्या भाषेची आधीच धास्ती आहे तिच्यातून.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम करते. मुलं सगळ्याला 'टेन्शन आलंय' म्हणतात. मी विचारते, कसलं? भीती वाटतेय, की लाज वाटतेय? कालच्या चुकीनं ओशाळलीस का? शेजारचा फाडफाड बोलतो म्हणून कानकोंडं झालंय? की रात्रपाळी करून आलीस आणि नुसती दमलीस? या सगळ्यांना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. दमलेलीला धीर देऊन काय उपयोग, तिला त्या दिवशी ऐकायचं काम द्यावं. लाजणाऱ्याला मोठ्या गटातून काढून एका जोडीदारासोबत बसवावं. नवा खोंड मुरलेल्या बैलाशेजारी जुंपतात, तसं. ज्याला खरोखरच भीती वाटते त्याला मी 'शांत हो' म्हणत नाही. अॅलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की भाषणाआधी 'मी शांत आहे' असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा 'मला हुरूप आलाय' असं म्हणणाऱ्यांचं भाषण चांगलं झालं. कारण समजण्यासारखं आहे. धडधडत्या छातीला शांत हो म्हणून ती ऐकत नाही, पण ती धडधड तयारीची आहे असं मानता येतं. मैदानात उतरण्याआधी पैलवान दंड थोपटतो, त्याची छाती काय शांत असते?

तालमीचा वर्ग चालवायला फार काही लागत नाही. तीस वर्षांहून अधिक काळ जगभरचे शिक्षक वापरतात अशी एक साधी रीत आहे. एकाच विषयावर एका जोडीदाराशी चार मिनिटं बोलायचं, तेच दुसऱ्याशी तीन मिनिटांत आणि तिसऱ्याशी दोन मिनिटांत. विषय तोच, ऐकणारा नवा. तिसऱ्या फेरीत अडखळणं किती कमी होतं ते मुलांनाच कळतं, मला सांगावं लागत नाही. आणि हिशेब बघा: चाळीसच्या बॅचमध्येही वीस जोड्या एकदम बोलतात. जोडीतले दोघेही बोलले तर वीस मिनिटांत प्रत्येकाची नऊ मिनिटं होतात. मघाच्या पद्धतीत तेवढ्याला दीड आठवडा लागला असता. गोंगाट होतो. शेजारचे वरून डोकावतात. होऊ दे.

दुसरं, प्रश्न विचारून थांबायचं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा शिक्षक उत्तराची वाट जेमतेम एक सेकंद बघतात असं निघालं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब आणि चांगली येऊ लागली. ती तर आपल्याच भाषेत शिकणारी मुलं होती. परक्या भाषेत मी मनात पाचपर्यंत मोजते. सुरुवातीला ती शांतता मलाच सहन व्हायची नाही. आणि रोज रात्री मोबाइलवर एक मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचं, कुणालाही न पाठवता. महिन्यानं पहिल्या दिवसाचं काढून ऐकायचं. प्रगतीचा याहून खरा दाखला माझ्या माहितीत नाही.

आक्षेप मला माहीत आहेत. त्यातला सगळ्यात वजनदार रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गँशो यांनी १९९० च्या दशकात घेतला. भीतीमुळे भाषा कच्ची राहते असं नसून भाषा कच्ची असते म्हणून भीती वाटते, असं ते म्हणतात. यात तथ्य आहे. ज्याचा पायाच डळमळीत आहे त्याला नुसता धीर देऊन भागत नाही, त्याला उच्चार आणि व्याकरण शिकवावंच लागतं. 'ऊ'सारखे ओठ करून 'ई' म्हणण्याचा सराव करून घेतल्याशिवाय जर्मनमधला तो दोन टिंबांचा 'यू' येत नाही, कितीही आत्मविश्वास असला तरी. पण माझ्या जतच्या मुलीचं काय? तिचं लिहिलेलं अचूक होतं. भीती आणि कच्चेपणा एकमेकांना वाढवत नेतात. जो घाबरतो तो बोलत नाही, जो बोलत नाही त्याचं कच्चं राहतं. हे चक्र कुठून तरी तोडायचं तर बोलण्याकडून तोडणं आपल्या हातात आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा. तिकडे कोण लाड करणार आहे, आत्तापासून सवय होऊ दे. यातली काळजी मला कळते. पण तालमीत पडू देणं म्हणजे लाड नव्हे. वस्ताद मेहनत कमी करून घेत नाही, उलट दुप्पट करून घेतो. फक्त पडण्याची लाज तो काढून टाकतो. शिवाय परीक्षा तरी परिपूर्णता कुठे मागते? ग्योथे इन्स्टिट्यूटच्या बी-१ परीक्षेत प्रत्येक भागात १०० पैकी ६० गुणांना उत्तीर्ण होता येतं. बोलण्याचा भाग दोन उमेदवारांचा मिळून असतो. एखादी सहल, एखादा कार्यक्रम दोघांनी बोलून ठरवायचा असतो. समोरच्याचं ऐकणं, न समजल्यास पुन्हा विचारणं हे तिथे चालतं. आमची मुलं मात्र पुन्हा विचारणं म्हणजे नापास होणं असं समजून मान डोलावतात आणि तिथेच घसरतात.

जपानीची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. जेएलपीटी ही एन-५ ते एन-१ अशी पाच पातळ्यांची परीक्षा, आणि तिच्यात बोलण्याचा भागच नाही. म्हणजे तोंडातून एक वाक्य न काढता प्रमाणपत्र हाती येऊ शकतं. मग कंपनीची मुलाखत येते, आणि तिथे समोरचा माणूस बोलतो. तेव्हा जो गप्प होतो तो आपल्याच नशिबाला दोष देतो. वर्गाला दोष द्यावा हे त्याच्या मनातही येत नाही.

सरकारी खर्चातून चालणाऱ्या वर्गांना म्हणूनच अट हवी. बॅच वीसपेक्षा मोठी नको, आणि निम्मा वेळ मुलांच्या बोलण्याचा असल्याची नोंद हवी. शिक्षक नेमताना त्याची पातळी बघतात तसं चूक कशी दुरुस्त करतो तेही बघावं. संध्याकाळी बोलण्याचे गट हवेत, आणि त्यासाठी नव्या इमारती नकोत. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग सुरू केलं, तेव्हापासून एकत्र राहून एकमेकांकडून शिकण्याची वाट या मातीत पडलेली आहे. वसतिगृहाच्या व्हरांड्यात आठ मुलं आणि एक मुरलेला विद्यार्थी रोज अर्धा तास बसला तर ती तालीमच झाली. हे केलं नाही तर या योजनांतून कोण जाईल ते आत्ताच सांगता येतं. ज्यांच्या घरात आधीपासून इंग्रजी आहे, ज्यांना चारचौघांत बोलायची सवय आहे, ती मुलं जातील. वेल्डिंगचा हात असलेली आणि वॉर्ड सांभाळलेली मागे राहतील, आणि आपण म्हणू की त्यांच्यात धिटाई नव्हती.

ती जतची मुलगी आता बी-१ ला आहे. उभी राहण्याची सवय अजून गेलेली नाही. पण 'नोख आइनमाल, बिट्टे', पुन्हा एकदा सांगा, असं ती आता माझ्याच वाक्यात मला अडवून म्हणते.

शासन अट घालेल तेव्हा घालेल. तोवर पालकांना एक काम करता येईल. क्लासची चौकशी करायला गेल्यावर फी किती आणि पोरं कधी जाणार, हे तर विचाराच. सोबत विचारा की एका तासाला माझं पोरगं स्वतः किती मिनिटं बोलणार, आणि उत्तर मिनिटांतच मागा.